गोलाईचे मर्तिक कोणी ठरवले?

लातूरची गंजगोलाई संपली, नांदेडचे वजिराबाद संपत आले, हे वाक्य सध्या इतक्यांच्या तोंडी आहे की ते तपासून पाहायची गरजच कुणाला वाटत नाही. बिल्डर म्हणतो, कारण त्याला गावाबाहेर प्लॉट विकायचे आहेत. नगरसेवक म्हणतो, कारण त्याला नव्या व्यापारी संकुलाचा नारळ फोडायचा आहे. पुण्याहून दिवाळीला आलेला इंजिनिअर म्हणतो, कारण त्याला गाडी लावायला जागा मिळाली नाही. आणि खुद्द दुकानदार म्हणतो, दुपारी दोन वाजता, गल्ल्यावर बसून, पेपरातले शब्दकोडे सोडवता सोडवता.

या मंडळींची मांडणी साधारण अशी असते. मध्यवस्तीतला बाजार ही जुनी गोष्ट झाली. जगभर आधी डिपार्टमेंट स्टोअर आले, मग मॉल आले, मग ऑनलाइन आले आणि जुने बाजार आटले. मराठवाडा मागे आहे म्हणून इथे उशीर झाला, एवढेच. तेव्हा गोलाईला रंग लावून, दिवे सोडून ती पाहुण्यांना दाखवायला ठेवावी, फेरीवाले हटवावेत आणि खरा बाजार बाहेर मोकळ्या जागेत न्यावा. ऐकायला हे फार शहाणपणाचे वाटते. पण यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि जे एखादे बरोबर आहे त्याचा निष्कर्ष उलटा काढलेला आहे.

सुरुवात 'जुनी गोष्ट' या शब्दांपासून करू. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोहोचली १९११ मध्ये. त्यानंतर काही वर्षांतच, १९१७ मध्ये, निजामाच्या राज्यातले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी लातूरच्या मध्यभागाचा गोलाकार आराखडा केला. मधली दुमजली इमारत उभी राहिली ती १९४५ मध्ये. आत अंबाबाईचे देऊळ, आणि भोवताली सोळा रस्ते. कुठे सोने-चांदी, कुठे चपला-जोडे, कुठे मिरची, कुठे गूळ. बैलगाड्या थांबत गेल्या आणि त्यांच्याभोवती आपोआप बाजार जमला, असे इथे झालेले नाही. रेल्वे आली, धान्याची उलाढाल वाढणार, बाहेरगावचा माणूस येणार, त्याला एका फेरीत सगळे मिळाले पाहिजे, या हिशेबाने कागदावर आखून ही जागा केली आहे. शॉपिंग सेंटर म्हणतात ते दुसरे काय असते? पॅरिसच्या बाँ मार्शेने वेगवेगळे विभाग एका छताखाली मांडले, लातूरने ते आभाळाखाली मांडले. फरक इतकाच की तिथे सगळ्या विभागांचा मालक एक आणि इथे शेकडो. पुढे बाजाराचे जे काही झाले ते या फरकावरून झाले. आपली पंडित मंडळी नेमका तोच विसरतात.

जगभर काय मेले, ते नीट पाहा. ब्रिटनमधली डेबनहॅम्स ही दोनशे वर्षांहून जुनी साखळी २०२१ मध्ये बंद झाली. अमेरिकेतल्या सीअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. दोन्हीकडे एकच मालक, डोक्यावर प्रचंड कर्ज, मोठमोठ्या इमारती आणि त्यांचा न परवडणारा खर्च. आपल्याकडे वेगळे काय झाले? मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा आत शिरायला मोबाईल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवावे लागे. गर्दी आवरायची होती. पुढे त्याचे नाव बदलले, मालक बदलले, आणि गर्दी आवरायची वेळ काही पुन्हा आली नाही. गल्लोगल्ली दुकाने उघडणारे सुभिक्षा २००९ मध्ये कोसळले. बिग बझारची कथा तर ताजी आहे. २००१ मध्ये सुरू झालेली ही साखळी दोन दशके तिचे संस्थापक किशोर बियाणी यांचे 'भारतीय ग्राहकाची नस ओळखलेला माणूस' म्हणून कौतुक करण्याचा विषय होती. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांच्या दुकानांचे भाडेकरार हातात असलेल्या रिलायन्सने जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी जुलैत ही साखळी चालवणारी फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाइट फ्रँक या संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात आठ मोठ्या शहरांतली ६४ खरेदी केंद्रे 'भूत' ठरवली, म्हणजे ज्यांतली ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी आहे अशी.

मुंबई-दिल्लीत ज्याला भुताटकी लागली आहे, ते आम्ही लातूर-नांदेडात भविष्य म्हणून आणायचे? मागासलेपण यालाच म्हणतात. दुसऱ्याने टाकून दिलेला अंगरखा नवा म्हणून घालायचा.

शेकडो मालकांचा बाजार असा एका रात्रीत कोसळत नाही, कारण त्याला कोसळायला एक खांबच नाही. एक सराफ बुडाला तर शेजारचा त्याचा गाळा घेतो. एका भावाने रेडिमेड कपड्यांचे दुकान बंद केले तर दुसरा तिथे मोबाईलचे कव्हर विकतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही पडझड वाटते. बाजाराच्या भाषेत ती रोजची उलथापालथ आहे आणि नोटबंदी, जीएसटी, टाळेबंदी या तिन्ही तडाख्यांतून हे बाजार जगले ते त्या उलथापालथीच्या जोरावर.

आता ज्यांनी बरीच वर्षे मोबाईलवरच कपडे घेतले त्यांना लग्नाचा बस्ता काय असतो ते सांगायला हवे. निलंगा, अहमदपूरकडून किंवा मुखेड, बिलोलीकडून क्रुझर भरून दोन्ही घरची पंधरा-वीस माणसे येतात. चपला बाहेर, आत पांढऱ्या गादीवर बैठक. चहा येतो. पहिली साडी निघते ती देवीची. लातूरकडचे असतील तर बहुतेक तुळजापूरची, नांदेडकडचे असतील तर माहूरची. ती घडी बाजूला पडली की मग नवरीचा शालू, वरमाईची, मामी-मावशीच्या मानाच्या, आणि शेवटी आहेराच्या साड्यांचे गठ्ठे, टॉवेल-टोप्या, फेटे. "दादा, आहेराच्यात दोनशेच्या आतल्या दावा की." "मावशी, दोनशेत आता नुसतं पोलकं बसतंय." यावर सगळी बैठक हसते आणि आकडा तीनशेवर सरकतो. साडी पसंत करते नवरी, रंगावर शेरा मारते आत्या, पैसे देतो कोपऱ्यात गप्प बसलेला चुलता. गादीवरचा जुना सेल्समन साडी उलगडतो नवरीपुढे, पण बघतो चुलत्याच्या तोंडाकडे. ही विद्या कुठल्या ॲपला येत नाही.

बिल होते तेव्हा निम्मे रोख, उरलेले 'सोयाबीनची पट्टी आली की'. आहेरातल्या उरलेल्या साड्या लग्नानंतर परत घ्यायच्या, हेही तोंडीच ठरते. दुकानदार यात धर्मादाय करत नाही. व्याज त्याने साडीच्या किमतीत आधीच घातलेले असते. पण मोबाईलवरची उधारी तारीख चुकली की दंड लावते आणि कापडवाला पाऊस कसा झाला ते बघतो. एवढा एकच फरक एखाद्या कोरडवाहू घराला त्या दुकानाशी तीन पिढ्या बांधून ठेवायला पुरतो.

म्हणजे गोलाईत सगळे आलबेल आहे का? मुळीच नाही. गिऱ्हाईक कमी झाले आहे, हे खरे. पण ते मॉलने पळवले हे निदान ज्यांनी केले त्यांनी रोग्याची नाडी न बघताच औषध लिहिले. या दोन शहरांचा बाजार मुंबईसारखा पगारावर चालत नाही, तो पिकावर चालतो. नांदेडचा जुना मोंढा, नवा मोंढा, लातूरची बाजार समिती, इथे तूर-सोयाबीन-हरभऱ्याला काय भाव लागला यावर वजिराबादेत किती दिवे लागणार ते ठरते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलमागे दहा हजारांच्या आसपास गेले होते. (तेव्हा शेतकऱ्याच्या घरात विकायला दाणा नव्हता, ही त्यातली नेहमीची गंमत. माल आला आणि भाव उतरला.) २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना शेतकऱ्याला त्याच्याही खाली माल घालावा लागला. ज्या घरात खत-बियाण्याची उधारी फिटली नाही, त्या घरातली बाई आहेराच्या साड्या चाळीसवरून वीसवर आणते, आणि ते चुकत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात कापडाच्या पेढ्या ओस का होत्या, हे सांगायला किरकोळ व्यापाराचा तज्ज्ञ बोलावण्याची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट. पूर्वी आडतीवरून पट्टी हातात पडली की माणूस मोंढ्यातून चालत बाजारात यायचा. जोडा, घोंगडी, पोरासाठी काहीतरी घेऊन संध्याकाळची एसटी गाठायचा. आता पैसे बऱ्याचदा खात्यावर जमा होतात, आणि पीककर्जाचा हप्ता वळता झाल्यावर उरतील तेवढे हाती येतात. मध्यवस्तीतला बाजार नेहमी दुसऱ्या कामाच्या आधाराने जगतो. लातूरला ट्युशनला ठेवलेल्या पोराला भेटायला आलेले आईबाप, नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये पेशंट दाखवायला आणलेले नातेवाईक, कोर्टाची तारीख पडलेला पक्षकार, सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून हुजूर साहिबला आलेले यात्रेकरू, हे लोक काही खरेदीला म्हणून घरून निघत नाहीत. काम झाले, गाडीला वेळ आहे, म्हणून बाजारात वळतात. शहाणी मंडळी म्हणतात बाजार बाहेर न्या. मग हे सगळे बाहेर न्याल? आणि नेलेत तर शहर कुठे राहील?

विरुद्ध बाजूचे जे बरोबर आहे तेही सांगतो, नाहीतर हा लेख दुकानदारांच्या संघटनेचे पत्रक होईल. महिन्याचा किराणा डी-मार्टने नेला. पगारदार माणूस, विशेषतः शिक्षक आणि बँकेतले लोक, वहीवर किराणा घ्यायचे सोडून ट्रॉली ढकलू लागले. डी-मार्टचे गणित पक्के आहे. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची, मालाचे प्रकार मोजके, पुरवठादाराला पैसे लवकर आणि म्हणून खरेदी स्वस्त. किराणा दुकानदाराने या गणिताला भावनेने उत्तर देऊ नये, हरेल.

त्याहून महत्त्वाची कबुली रेडिमेड कपड्यांच्या नव्या दुकानांबद्दल द्यावी लागेल. तालुक्याहून बारावीनंतर लातूरला आलेली मुलगी झुडिओसारख्या दुकानात जाते ती केवळ स्वस्ताईसाठी नाही. तिथे किंमत चिठ्ठीवर छापलेली असते. दहा कपडे हाताळून काहीच न घेता बाहेर पडता येते. अंगात घालून बघायला खोली असते आणि तिला कडी असते. 'किती पर्यंत दावू?' असे दारातच कुणी विचारत नाही, आडनाव विचारत नाही, 'कुण्या गावच्या?' म्हणत घराण्याचा अंदाज घेत नाही. आमच्या जुन्या पेढ्यांवर ओळख हे भांडवल होते, पण ज्यांची ओळख सांगायला त्रास व्हायचा त्यांना ती पेढी कधीच आपली वाटली नाही. ज्या माणसाला गादीवर न बसवता दारात उभे करून माल दाखवला जायचा, त्याच्या नातीला अनोळखी दुकान हा दिलासा वाटला तर तक्रार करण्याचा हक्क आपल्याला नाही. बाजाराचा हा दोष बाजारानेच काढला पाहिजे. किमतीची चिठ्ठी आणि कडी असलेली खोली, याला महापालिकेची परवानगी लागत नाही.

पण आता त्या मुलीच्या आईचे बघू. बस्त्यासाठी ती सकाळच्या एसटीने निघालेली असते आणि दिवसभर घोटभरच पाणी पिते. का, ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि शहर विकास आराखडा करणाऱ्या एकाही पुरुषाला सुचत नाही. पाच-सहा तास बाजारात फिरायचे आणि जायला जागा नाही. दुकानाच्या मागे असेल तर ती मालकांची, आणि कुलूपबंद. मॉलमध्ये गेल्यावर पहिल्यांदा काय आवडले असे बायकांना विचारा. सरकता जिना नंतर सांगतील. स्वच्छ संडास, बसायला बाक, प्यायला पाणी, उन्हातून आल्यावर गारवा. मॉल जिंकला तो मालावर नाही, मोरीवर जिंकला. आणि मोरी ही काही मोठ्या भांडवलाची मक्तेदारी नव्हे. २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी नांदेडात रस्ते, पूल, घाट झाले. मनात आणले आणि पैसा मिळाला तर शहर बदलता येते, हे या शहराने करून दाखवले आहे. वजिराबाद-इतवाऱ्यात खरेदीला आलेली बाई मात्र पाहुणी धरली जात नाही.

याऐवजी आपण काय करतो? संकुल बांधतो. जुन्या शाळेची, जुन्या गोदामाची, कोंडवाड्याची जागा दिसली की व्यापारी संकुल. तळमजल्यावरच्या गाळ्यांचा लिलाव चढ्या भावाने, वर एक झेरॉक्स, एक विमा एजंट, एक बंद पडलेला क्लास आणि पानाने रंगवलेला जिना. पहिल्या मजल्यावर चढून चप्पल कोण घेणार, हा प्रश्न भूमिपूजनाच्या दिवशी विचारला तर माणूस विकासविरोधी ठरतो. मग भाड्याचा घोळ सुरू होतो. जळगावला महापालिकेच्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि भाडे किती, यावर वर्षानुवर्षे कोर्टकचेरी चालली. राज्याच्या २०१९ च्या नियमांनी अशा भाड्याला चालू बाजारमूल्याच्या ८ टक्क्यांचा पाया घातला. राज्यभर ओरड झाली आणि तो पुढे खाली आणावा लागला. गाळा हे उत्पन्नाचे साधन मानायचे की शहराची सोय, हे ठरलेले नसताना आणखी गाळे बांधणे याला धोरण म्हणत नाहीत. ती ठेकेदारी झाली.

फेरीवाल्यांचेही तसेच. गोलाईतल्या बांगड्या, पिना, कढीपत्ता, लिंबे विकणाऱ्यांना हटवले की रस्ता मोकळा होईल आणि गिऱ्हाईक परत येईल, असे दुकानदारांनाच वाटते, याचे मला खरेच नवल वाटते. बांगड्यांपाशी थांबलेली बाई मान वर करते तेव्हा तिला तुमच्या दुकानातला शालू दिसतो. ती थांबणारच नसेल तर तुमच्या काचेकडे बघणार कोण? पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ पासून आहे. सर्वेक्षण करा, समिती नेमा, जागा आखून द्या, आणि सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवू नका, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. अतिक्रमणविरोधी गाडी फिरवून फोटो काढणे सोपे आहे, म्हणून ते होते. आखणीचे काम किचकट आहे, म्हणून ते राहते. ज्या शहराने १९१७ मध्ये सोळा रस्ते आखले त्याला आज हातगाड्यांसाठी चुन्याच्या रेघा मारता येत नाहीत!

शेवटी दोन शब्द गोलाईसाठी हळहळणाऱ्यांना. दिवाळी आली की 'आपल्या माणसाकडूनच घ्या' असे संदेश फिरतात. हा प्रचार बाजाराच्या शत्रूंनीही इतका परिणामकारक केला नसता. दयेने घेतलेली वस्तू माणूस एकदा घेतो. गोलाईला भीक नको आहे. शंभर वर्षे तिने माल आणि विश्वास विकला, तोच तिला विकू द्या. तिच्यावर निबंध लिहिणारे, तिचे जुने फोटो टाकणारे आणि स्वतःची खरेदी मात्र मोबाईलवर करणारे हेही तिच्या मर्तिकाला आलेलेच लोक आहेत, फक्त हार घेऊन आलेले.

तेव्हा लातूर आणि नांदेडच्या दोन्ही महापालिकांना, आणि तिथे मत मागायला येणाऱ्यांना, एवढेच विचारा. पुढच्या अंदाजपत्रकात नवे संकुल धरले असेल तर त्याच्या पहिल्या मजल्यावर कोण चढणार आहे? आणि ते बांधण्याआधी गोलाईच्या सोळा रस्त्यांवर व वजिराबादेत बायकांसाठी किती स्वच्छतागृहे, किती बाक, किती पाणपोया आणि दुचाकींसाठी किती जागा, ते आकड्यात सांगा. आकडा देता आला नाही तर नारळ घरी न्या.